गजकेसरीतल्या दोघी

माझी शाळेतली जन्मतारीख एक जून आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती. नाव दाखल करायला आईबाप आले की गुरुजी लेकराच्या दातांकडे पाहायचे, उंचीकडे पाहायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या लग्नाच्या वेळी गुण जुळवले तेही नावराशीवरूनच. त्यामुळे पत्रिका हा प्रकार आपला नाही, असं मी चाळिशी ओलांडेपर्यंत धरून चालले होते.

मी शेलूबाजारच्या एका शाळेत क्लार्क आहे आणि राहते मंगरूळपीरला. रोज सकाळी काळीपिवळी जीपनं जायचं, संध्याकाळी काळीपिवळीनं यायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त सरांनी दर रविवारी सकाळी ज्योतिषाचा वर्ग सुरू केला. सरांनी सारी नोकरी गणित शिकवण्यात घालवली होती. वर्गात येणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी सांगत, "मोबाइलवर पत्रिका काढायची असेल तर इथं येऊ नका. इथं आधी गणित, मग भविष्य." मी गेले ती त्या गणितासाठीच. बारावीला माझं गणित चांगलं होतं आणि पुढे शिकायला मिळालं नाही, ती हौस राहून गेली होती. राशींचे अंश मांडताना, सूर्योदयापासूनचा वेळ मोजताना मला जे वाटायचं ते शाळेच्या पगारपत्रकांनी कधी वाटलं नव्हतं.

आम्ही सहासात जण होतो. मेडिकल दुकानवाले एक भाऊ, एक निवृत्त तलाठी, दोन शिक्षिका असे. एका रविवारी सरांनी फळ्यावर लिहिलं: गजकेसरी.

"चंद्र जिथं असेल तिथून मोजायचं," सर म्हणाले. "पहिलं, चौथं, सातवं, दहावं घर म्हणजे केंद्र. यांतल्या कोणत्याही घरात गुरू असला की गजकेसरी योग. हत्तीसारखा भारदस्तपणा, सिंहासारखा मान. ग्रंथात फार वाखाणलाय. आता प्रत्येकानं आपापला काढा."

सरांकडे जुन्या पंचांगांचा गठ्ठा होता. माझी तारीख खोटी असली तरी तिथी मला पक्की माहीत होती. आई नेहमी म्हणायची, तू कोजागरीच्या सकाळची. सालही पक्कं होतं, कारण मोठा भाऊ पहिलीत गेला तेच ते साल. मी त्या सालचं पंचांग ओढलं, आश्विनाचं पान काढलं. चंद्र मीनेत. गुरू धनेत. बोटांवर मोजलं. मीन एक, मेष दोन, वृषभ तीन, अशी बोटं पुढं सरकत गेली आणि धनेवर थांबली.

"सर, दहा."

"पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजलं. "दहाच येतात."

"मग लिही की वहीत. गजकेसरी. आणि गुरू स्वतःच्या राशीत, म्हणजे चांगला दणदणीत."

त्या दिवशी मी घरी चालत आले की पळत, मला आठवत नाही. नवरा पंपाच्या वायशरी मोजत बसला होता. त्याचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी त्याला वही दाखवली, हत्ती सांगितला, सिंह सांगितला. त्यानं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाला, "हत्ती आन सिंह दोघंई याच घरात राह्यतीन तं मंग मी कुठं राहू?" पण संध्याकाळी दुकानातून येताना त्यानं पावभर पेढे आणले. कशाबद्दल ते बोलला नाही.

पुढचा आठवडाभर मी काळीपिवळीत शेजारी बसेल त्याला गजकेसरी समजावून सांगितला. शाळेत शिपाईमामांना सांगितला. एका पालकाला तर दाखल्यावर शिक्का मारता मारता सांगितला.

पुढच्या रविवारी सरांनी दुसरी बाजू काढली. "चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो. गुरू तर वर्षभर. म्हणजे त्या सव्वादोन दिवसांत जो जो जन्मला, त्या सगळ्यांना हा योग."

"म्हणजे ही सरकारी योजना झाली," मेडिकलवाले भाऊ म्हणाले. "सरसकट."

सगळे हसले. मलाही हसू आलं. पण खरं सांगायचं तर मी हिरमुसले नाही, उलट माझ्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. सव्वादोन दिवस. म्हणजे त्या कोजागरीच्या आसपास आपल्या भागात कितीतरी लेकरं जन्मली असतील. ती आता माझ्याच वयाची असतील. कुठं असतील, काय करत असतील, त्यांच्या वाट्याला हत्ती आला का सिंह? मला कोणीतरी लांबच्या नात्यातली माणसं आहेत असं सांगावं आणि पत्ता देऊ नये, तसं झालं.

मी निघताना सर म्हणाले, "चंद्र-गुरू सगळ्यांचे. पण लग्न, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, ती दोन तासांत बदलते. तुझं स्वतःचं असं जे काही आहे ते लग्नावरून कळेल. वेळ आण."

वेळ फक्त आईला माहीत असणार. शेलूबाजारवरून आत पाच-सहा किलोमीटरवर आमचं गाव आहे. वडील गेले त्याला काही वर्षं झाली, आई भावाकडे असते. मी गेले तेव्हा ती ओसरीत तूर पाखडत होती. मी वही आणि पेन घेऊन तिच्यासमोर बसले.

"माय, मी जन्मली तवा किती वाजले होते?"

"घड्याळ कोठं होतं वो घरात."

"मंग अंदाजानं सांग."

तिनं सूप थांबवलं. "ऊन उंबऱ्यावर आलं होतं. तुह्या बापानं म्हशी पिळून दूध आणून ठेवलं होतं. सुईण लय उशिरा आली. तिची वाट पाहू पाहू माहा जीव चालला होता."

"काहून उशीर झाला तिले?"

"ते पिंजाऱ्याच्या घरी होती ना. गाद्या भरत जाय तो, नदीच्या अंगच्या घरात राहे. त्याच्या घरवालीलेई त्याच रोजी पोरगी झाली. पहाटच्या बांगेच्या टायमाले. तिथून हात धुतले आन सरळ आमच्या घरी आली सुईण."

मी लिहायचं थांबले. इतके दिवस जिच्याबद्दल नुसतं मनात घोळवत होते ती दुसरी गजकेसरी अशी अचानक, नदीच्या अंगच्या घरात निघाली.

"माय, ते पोरगी आता कुठं हाय?"

"मले काय ठाव. अडीच-तीन वर्षांची असन तवा ते लोक मंगरूळले गेले. तिच्या बापानं गादीचं दुकान टाकलं म्हनत." तिनं पुन्हा सूप हातात घेतलं. "लय गुटगुटीत झाली होती. माह्या दुधावर."

"तुह्या दुधावर?"

"हो मंग. तिच्या मायले ताप भरला. दूध नाही उतरलं. तिची आजी पोरीले घेऊन आली आन ओसरीत उभी राह्यली. तोंडातून शब्द निघे ना बाईच्या. पोरगी रडू रडू निळी पडली होती. म्या म्हटलं, द्या इकडं. एका अंगानं तू, दुसऱ्या अंगानं ते. दोन महिने पाजलं. मंग तिले बकरीचं दूध पचू लागलं."

"घरात कोनी काही म्हटलं नाही?"

"म्हटलं असन. मले आयकू नाही आलं. तुमी दोघी एकाच वक्ती रडत होत्या."

चाळीस वर्षांत तिनं मला गावातली सगळी लग्नं, सगळी भांडणं, कोणाची गाय कोणाच्या वावरात गेली तेसुद्धा सांगितलं होतं.

"माय, तू मले हे कधीच काहून नाही सांगितलं?"

"त्यात काय सांगाचं?" ती म्हणाली. "लेकरू भुकेलं होतं."

तिच्या लेखी गोष्ट तिथं संपली. माझ्या लेखी आत्ता कुठं सुरू झाली होती. परतीच्या काळीपिवळीत मी सारखी मोजत होते. मंगरूळ. मी त्याच गावात अठरा वर्षांपासून राहते. भाजी आणायला, बँकेत, दवाखान्यात मी तिच्या बाजूनं कितीदा गेले असेन.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. हेडमास्तरांनी कारण विचारलं. घरगुती काम, असं सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की हे खरंच घरगुती काम आहे.

दर्ग्याच्या बाजूला गाद्यांची दोन-तीन दुकानं आहेत. पहिल्या दुकानात कापूस पिंजायचं मशीन चालू होतं, माझं बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दुकानात एक म्हातारे बाबा हिशोबाच्या वहीपाशी चष्मा पुसत बसले होते. मी गावाचं नाव सांगितलं, पिंजाऱ्याची खूण सांगितली.

"वो तो गुजर गए," ते म्हणाले. "उनकी बेटी दुकान चलाती है. पिछाडी की गल्ली में जाव, हरा दरवाजा."

हिरव्या दाराच्या आत सगळीकडे कापसाचे कण तरंगत होते. एक बाई ओढणी नाकावर बांधून अर्ध्या भरलेल्या गादीवर बसली होती आणि लांब सुईनं टाके घालत होती. तिनं वर न पाहता विचारलं, "काय पायजे बाई? सिंगल का डबल?"

मी वाटेत एक छान वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते कुठं गेलं कोणास ठाऊक. मी एकदम विचारलं, "तुमचा जन्म कोजागरीच्या रोजचा हाय काय?"

सुई थांबली. तिनं ओढणी खाली केली आणि माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, मग पुन्हा तोंडाकडे. तिनं आमच्या गावाचं नाव घेतलं. मी मान हलवली.

"तू म्हशीवाल्याची पोरगी," ती म्हणाली.

"तुले ठाऊक हाय?"

"मले?" ती उठून उभी राहिली. "मले बोलता याले लागलं तवापासून अम्मी सांगत जाय. आमच्यात दूधबहीन म्हणजे सगी बहीन. तुह्या भावासमोर मले पडदा नाही. तुह्या भावासंग माहं लग्न नाही होऊ शकत, एवढं पक्कं नातं."

मग ती हसली आणि मीही हसले. ती सुई बाजूला टोचून आली, तिनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या बोटांना सुईमुळे घट्टे पडलेले होते. दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. समोरच्या हॉटेलातून तिनं चहा सांगितला, आणि बोलता बोलता आम्हाला कळलं की माझ्या लेकीच्या खोलीतली गादी मी याच दुकानातून नेली होती, चांगली घासाघीस करून. तिला गिऱ्हाईक आठवलं नाही, पण कापड आठवलं. निळ्या फुलांचं.

चहा अर्धा झाला तेव्हा तिनं कप पायरीवर ठेवला.

"मी आलती गावात," ती म्हणाली. "माहं लग्न ठरलं तवा. अब्बासंग आलती, शादीचं कार्ड घेऊन. तुमच्या घराले कडी होती, सारे वावरात गेलते. दाराच्या फटीतून कार्ड आत टाकलं. लग्नात मी सारखी दाराकडं पाहू राह्यली. कोनी आलं नाही. मंग म्या मनाले सांगितलं, असू दे, त्याइले नसन मानाचं हे नातं."

मला कालपर्यंत काहीच माहीत नव्हतं, एवढंच मी तिला सांगू शकले. आईला विचारते, असं म्हणाले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. आता आली ना. पन आली कशी, ते तं सांग."

मग मी तिला गजकेसरी सांगितला. पायरीवर कापसाच्या एका पुंजक्याला चंद्र केलं, दुसऱ्याला गुरू केलं आणि मधली घरं बोटानं दाखवली. तिनं सगळं लक्ष देऊन पाहिलं.

"आमच्यात हे पाहत नाहीत," ती म्हणाली.

"मले ठाऊक हाय. मले फक्त तुहा टाइम पायजे. पक्का."

"टाइम तं एकदम पक्का हाय. फजरची अजान चालू होती. अब्बा मशिदीतून नमाज पढून आले आन माह्या कानात अजान देली. अम्मी दर साली सांगे." तिनं विचार केला. "लिही. पन काय निघते ते मले येऊन सांगजो. आयकाले काय जाते."

रविवार उजाडेपर्यंत मला धीर नव्हता. सरांच्या घरी मी सगळ्यांच्या आधी पोहोचले. दोन चिठ्ठ्या केल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, कोजागरीची सकाळ, ऊन उंबऱ्यावर. दुसरीवर, तीच कोजागरी, पहाटेची अजान. नाव नाही, गाव नाही, दुधाची गोष्ट नाही. मी मुद्दामच सांगितलं नव्हतं.

"पहिली माझी," मी म्हणाले. "दुसरी कोणाची ते मागून सांगते."

सरांनी खडू घेतला. त्या दिवसाचा सूर्योदय काढला. "सूर्य कन्येत, म्हणजे सूर्योदयाला लग्न कन्या. पण कन्येचे थोडेच अंश उरलेत. अर्ध्या-पाऊण तासात तूळ लागते. ऊन उंबऱ्यावर म्हणजे किती वेळ गेला असेल?"

"म्हशी पिळून झाल्या होत्या," मी म्हणाले. "पाच म्हशी होत्या आमच्याकडे. एकट्या बाबांनी पिळल्या."

"मग तासाच्या वर गेला. तूळ." सरांनी चौकोन आखला, आत ग्रह भरायला लागले आणि शनीपाशी थांबले. पंचांगाचं पान पुन्हा पाहिलं. "शनी तुळेत. उच्चीचा. आणि तोच लग्नात." ते वळले. "याला शश योग म्हणतात. पाच महापुरुष योगांतला एक. गजकेसरी सरसकट होता, हा तुझा स्वतःचा. शश योगाचा माणूस दुसऱ्यांना कामाला लावतो असं ग्रंथात आहे. तू तर क्लार्क."

"आमच्या हेडमास्तरांना विचारा, सर," मी म्हणाले.

तलाठीकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र फळ्यावरच्या त्या चौकोनातून नजर काढू शकत नव्हते. ज्या सकाळची तारीखही सरकारनं नोंदवली नाही, ती तिथं खडूनं मांडून ठेवलेली होती. आईचा जीव जात होता, बाबा म्हशी पिळत होते आणि पूर्वेला तूळ रास चढत होती.

"आता दुसरी," सर म्हणाले. "अजान सूर्योदयाच्या तासा-सव्वातासाआधी. म्हणजे कन्या लग्न, सुरुवातीचे अंश." त्यांनी दुसरा चौकोन आखला. बुध उच्चीचा निघाला, पण सूर्याच्या फार जवळ, म्हणून त्यांनी त्याला अर्धेच गुण दिले. मग गुरू ठेवला आणि खडू तसाच फळ्यावर टेकवून उभे राहिले. सर एरवी शांत. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला.

"अरे, गुरू चौथ्यात आला. स्वराशीचा, केंद्रात. हा हंस योग, तोही त्या पाचांतलाच. एकाच सकाळी, एका गजकेसरीत, एकीला शश आणि एकीला हंस. माझ्या वर्गात असा जोड आजवर आला नव्हता. कोण आहे ही?"

"आधी तुम्ही सांगा," मी म्हणाले. "पत्रिकेवरून काय दिसतं?"

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. "चौथं घर आईचं. तिथं इतका बलवान गुरू म्हणजे मातृसुख मोठं. आणि रास धनु, द्विस्वभाव. दुहेरी स्वभावाची रास. म्हणून हे सुखही दुहेरी." त्यांनी चौथ्या घराभोवती खडूनं गोल काढला. "मी असं म्हणेन की या बाईला दोन आया असाव्यात."

खोलीत बाकी कोणाला काय झालंय ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी उठून सगळं सांगितलं: सुईण, पिंजाऱ्याचं घर, ताप, ओसरीत उभी राहिलेली आजी, दोन महिने. एका शिक्षिकेनं डोळ्यांना पदर लावला.

सर खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा उजळला होता, तरी त्यांनी बोट वर केलं. "हे बघ. चौथ्यात गुरू असलेल्या प्रत्येकाला दोन आया नसतात. मी असं पुष्कळदा बोललो असेन. चुकलं त्याची आठवण कोणी ठेवत नाही. हे वहीत लिहून ठेव." पण मग तेच उठले, फळ्यावरचे दोन्ही चौकोन त्यांनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतले आणि त्या दिवशी फळा पुसू दिला नाही.

मी सरांच्या पायरीवरूनच तिला फोन लावला. हंस सांगितला, चौथं घर सांगितलं, दोन आया सांगितल्या. पलीकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला.

"हे तं अम्मी बिना कागदाचं सांगे," ती म्हणाली. मग लगेच, "शुक्रवारी दुकान बंद राह्यते. नमाजनंतर जाऊ. गाडीत जागा धरून ठेवजो."

शुक्रवारी मी सुट्टी टाकली आणि दुपारी आम्ही काळीपिवळीत ड्रायव्हरच्या शेजारी दाटीवाटीनं बसलो. तिच्या मांडीवर कापडात बांधलेली रजई होती, स्वतः भरलेली. शेलूबाजारपर्यंत ती सारखी बोलत होती. लेकीचं शिक्षण, नवऱ्याची गुडघेदुखी, आता लोक फोमच्या गाद्या घेतात त्याचं सगळं. गावचा फाटा आला तशी तिनं ओढणी तीन-चारदा सारखी केली.

मी आईला कळवलं नव्हतं. आई अंगणात उभी होती, वाळवणावरची कोंबडी हाकलत होती. आम्हाला पाहून तिनं डोळ्यांवर हात धरला.

"कोन हाय वो संग?"

मी काही बोलणार एवढ्यात माझी दूधबहीण पुढं झाली. "पिंजाऱ्याची," ती म्हणाली. "कोजागरीवाली."

आई जवळ गेली, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, जसं आपण लेकराचं पाहतो. "तुह्या मायचं नाक हाय," ती म्हणाली. "लय दुबळी होती बिचारी. हाय काय?"

"नाही. सहा वर्षं झाले."

आईनं तिचा हात धरला आणि तिला आत नेलं. माझ्याकडे दोघींनीही पाहिलं नाही. मी दारात उभी राहून चपला काढल्या. आतून आईचा आवाज आला, "जेवून आली का तशीच आली? भाकर टाकू काय?"

भाकरी झाल्या, वांग्याचं भरीत झालं. भाऊ वावरातून आला, तेव्हा ती उठली नाही, तोंड झाकलं नाही, "ये भाऊ, बस," म्हणाली. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. आईनं भाकरी उलटता उलटता त्याला दोन वाक्यांत सांगून टाकलं.

मग मी कार्डाचा विषय काढला. आई तवा उतरवायची थांबली.

"आलं होतं की कार्ड," ती म्हणाली. "दारात पडून होतं. हिरवं, सोनेरी अक्षरं. मले वाचता येत नाही. तुह्या भावानं पाह्यलं, तं ते उर्दूत होतं. कोनाचं हाय, समजलं नाही. चुकून पडलं असन म्हटलं. पन एवढं साजरं कार्ड फेकावं कसं? देवाच्या फोटोमागं खोसून ठेवलं. दोन-तीन साल होतं तिथं."

माझ्या दूधबहिणीनं घास हातात तसाच धरला. "म्या अब्बाले म्हटलं होतं, मराठीतलं छापू," ती म्हणाली. "ते म्हणाले, सारे उर्दूत छापले, आता एकासाठी कुठं." इतकं बोलून ती रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही लागली. आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, तिच्याच ताटात आणखी भरीत वाढलं आणि जेवण झाल्याशिवाय उठू दिलं नाही.

त्यानंतर दर आठवड्याला आई मंगरूळला येऊ लागली. कधी माझ्याकडे उतरायची, कधी सरळ हिरव्या दाराकडे जायची आणि मला संध्याकाळी फोन करायची की मी इथं हाय, घ्याले ये. तिला कापसाचा ठसका लागतो, तरी दुकानात बसून गादीच्या कडा शिवायची. सरांना मी एकदा तिथं घेऊन गेले. त्यांनी आईला नमस्कार केला, पत्रिकेबद्दल चकार शब्द काढला नाही आणि दोन उशा घेऊन गेले.

या उन्हाळ्यात माझ्या दूधबहिणीच्या थोरल्या लेकीचा निकाह झाला. या वेळी कार्ड मराठीत होतं, आणि ते द्यायला ती स्वतः आईकडे गेली. बायकांच्या बाजूला पुढच्या खुर्चीवर आईला बसवलं. कोणीतरी विचारलं, या कोण, तर नवरी म्हणाली, "नानी है मेरी." आदल्या दिवशी पोरींना मेंदी लावणं चाललं होतं. बाबा गेल्यापासून आईनं हाताला कसलाच रंग लावला नव्हता. ती नको नको म्हणत होती. नवरीनं तिचा हात मांडीवर ओढला आणि तळव्यावर मोठं फूल काढलं, बोटांच्या पेरांपर्यंत. आईनं हात मागं घेतला नाही.

गावात परत गेल्यावर तिनं दोन दिवस भांड्यांना हात लावला नाही. वहिनी घासत राहिली. आई ओसरीत बसून शेजारच्या बायांना तळवा दाखवत होती आणि विचारत होती, रंग चांगला चढला ना.